सुई की सिरप? विदर्भातल्या न्यूमोनिया-संशोधनाचा माग

छाती आत ओढत श्वास घेणाऱ्या लहान मुलाला इंजेक्शनच द्यावं लागतं का, की तोंडाने दिलेलं औषध पुरतं? प्रश्न एका ओळीचा आहे. त्याचं खात्रीचं उत्तर मिळायला मात्र पाव शतक गेलं, आणि त्या उत्तराचे महत्त्वाचे तुकडे गडचिरोलीच्या गावांत, नागपूरच्या मेयो रुग्णालयात आणि सेवाग्रामच्या वॉर्डात जमले. हे तुकडे आज शोधनिबंधांच्या याद्यांमध्ये विखुरलेले सापडतात. त्या याद्या सहसा पदोन्नतीच्या फाइलीत किंवा संस्थेच्या अहवालात पडून असतात आणि त्यांची नुसती मोजणी होते. त्या वाचायला हव्यात. त्यासाठी या लेखात नागपूरच्या एका बालरोगतज्ज्ञ संशोधिकेची यादी मुख्य धरली आहे आणि तिच्या मागचीपुढची पानं सोबत घेतली आहेत.

यादी कोणाची

डॉ. अर्चना पटेल. नागपूरच्या इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे नागपूरकरांच्या 'मेयो'त, त्या अनेक वर्षं बालरोग विभागात प्राध्यापक आणि विभागप्रमुख होत्या. नागपूरमधल्याच लता मेडिकल रिसर्च फाउंडेशनच्या माध्यमातून त्यांचं संशोधन चालतं. गरोदरपण, बाळंतपण आणि नवजात बाळांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या 'ग्लोबल नेटवर्क' या आंतरराष्ट्रीय संशोधन-जाळ्याचं नागपूर केंद्रही त्यांनी चालवलं. या कामात अमेरिकेच्या डॉ. पॅट्रिशिया हिबर्ड त्यांच्या दीर्घकाळच्या सहकारी.

त्यांच्या यादीत न्यूमोनिया आहे, जुलाब आहेत, स्तनपान आहे, स्वयंपाकघरातला धूर आहे, गरोदर बायांना द्यायची औषधं आहेत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे सगळं विस्कळीत वाटेल. पण मेयोसारख्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत सकाळी उभं राहिलं तर हेच सगळं एका रांगेत दिसतं. मूल तेच असतं. आज त्याची छाती भरलेली असते आणि पुढच्या महिन्यात त्याला जुलाब झालेले असतात.

नावांचा गुंता

यादी शोधताना पहिली अडचण नावाची येते. वैद्यकीय शोधनिबंधांत आडनाव पूर्ण आणि नावाचं फक्त आद्याक्षर छापतात. 'पटेल ए.' असं शोधलं की जगभरातले शेकडो पटेल समोर येतात, त्यात हृदयरोगतज्ज्ञ असतात, दंतवैद्य असतात, रसायनशास्त्रज्ञही असतात. २०१२ पासून संशोधकांना 'ऑर्किड' नावाचा कायमचा क्रमांक मिळू लागला, त्यामुळे नवं काम ओळखणं सोपं झालं. त्याआधीच्या निबंधांसाठी संस्था, शहर आणि सहलेखक जुळवून पाहावे लागतात.

दुसरी अडचण नावांच्या क्रमाची. वैद्यकशास्त्रात साधारणपणे ज्याने सर्वांत जास्त काम केलं त्याचं नाव पहिलं आणि ज्याच्या देखरेखीखाली काम झालं त्याचं शेवटी येतं. पण अनेक देशांनी मिळून केलेल्या चाचणीत हा संकेत मोडतो. पुढे ज्या २००४ च्या निबंधाबद्दल लिहिलं आहे, त्यात बारा लेखकांची नावं जवळपास आडनावाच्या वर्णानुक्रमाने आहेत. घानाचे अ‍ॅडो-योबो पहिले आहेत आणि नागपूरच्या पटेल बऱ्याच खाली. 'पहिलं नाव किती निबंधांत आहे' एवढंच मोजणाऱ्या समितीच्या हातून असा निबंध निसटतो, आणि तो निसटला की या यादीतला सर्वांत वजनदार दगडच हरवतो.

आधी आजार समजून घेऊ

न्यूमोनिया म्हणजे फुप्फुसाच्या हवेच्या पिशव्यांमध्ये जंतुसंसर्गामुळे पाणी-पू भरणं. मग हवा आली तरी ऑक्सिजन रक्तात पुरेसा उतरत नाही. मूल भरभर श्वास घेऊन ती तूट भरून काढू पाहतं. आजार वाढला की श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग बाहेर यायच्या ऐवजी आत खचतो. बरगड्यांखाली खळगा पडतो, पोट उडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात ५ वर्षांखालची सुमारे ७ लाख ४० हजार मुलं न्यूमोनियाने गेली.

डॉक्टर, एक्स-रे, रक्ततपासणी यांपैकी काहीच जवळ नसताना हा आजार ओळखायचा कसा? १९८० च्या दशकात पापुआ न्यू गिनीमध्ये काम करणाऱ्या फ्रँक शॅन या डॉक्टरांनी दाखवलं की श्वास मोजणं हीच सर्वांत भरवशाची खूण आहे. आजचे आकडे असे : २ महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, २ महिने ते १ वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त. मूल शांत असताना, रडत नसताना, पूर्ण एक मिनिट मोजायचे. आईने कुशीत घेतलेल्या मुलाच्या पोटाकडे पाहत हे कोणालाही करता येतं. इतक्या साध्या खुणेवर अब्जावधी रुपयांच्या आरोग्यव्यवस्था उभ्या आहेत, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

गडचिरोली, १९९०

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परतले आणि गडचिरोलीत त्यांनी 'सर्च' ही संस्था उभी केली. मुलं कशाने मरतात हे तपासताना त्यांना न्यूमोनिया ठळकपणे दिसला. तेव्हाच्या शहाणपणानुसार उपचार म्हणजे रुग्णालय. पण आजारी लेकरू काखेत घेऊन नदी-जंगल ओलांडत रुग्णालयात जाणं अनेक घरांना शक्यच नव्हतं.

त्यांनी एक क्षेत्रीय प्रयोग मांडला. एकीकडे ५८ गावं आणि त्यांतली ६,१७६ लहान मुलं, दुसरीकडे तुलनेसाठी ४४ गावं आणि ३,९४७ मुलं. पहिल्या भागात निमवैद्यकीय कर्मचारी, गावातले आरोग्य कार्यकर्ते आणि दाया यांना श्वास मोजायला आणि कोट्रायमॉक्साझोल हे तोंडाने घ्यायचं प्रतिजैविक द्यायला शिकवलं. आईबापांनाही आजाराची ओळख करून दिली. १९९० मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये निकाल छापून आला. उपचार मिळालेल्या ६१२ आजारी मुलांपैकी ०.८ टक्के दगावली, तुलनेच्या भागात हेच प्रमाण १३.५ टक्के होतं. न्यूमोनियाने होणारे मृत्यू दर हजार मुलांमागे तुलनेच्या भागात १७.५, उपचाराच्या भागात ८.१. पाच वर्षांखालच्या एकूण बालमृत्यूंतही फरक पडला, ४०.७ विरुद्ध २८.५. औषधाचा खर्च एका मुलामागे वर्षाला अमेरिकी अडीच सेंट, म्हणजे त्या काळी अर्ध्या रुपयाच्या आसपास.

या निबंधाबरोबर एक लहानसं साधनही वाचलं पाहिजे. दायांना दहापर्यंत मोजता यायचं, पन्नास-साठपर्यंत मोजताना घोळ व्हायचा. म्हणून एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी बसवलेली एक चौकट तयार केली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. 'इंडियन जर्नल ऑफ पीडियाट्रिक्स'मध्ये १९९२ साली या श्वासमापकावर स्वतंत्र निबंध आला. 'लॅन्सेट'च्या मानाने हे मासिक लहान. पण निरक्षर बाईच्या हाती निदान देणारं साधन कसं बनवायचं हे सांगणारा निबंध माझ्या लेखी मोठ्या निबंधाच्या बरोबरीचा आहे, कारण त्याच्याशिवाय मोठा प्रयोग गावात उतरला नसता.

असेच प्रयोग त्या काळात नेपाळ, पाकिस्तान, टांझानियातही झाले. सुनील सजावल आणि रॉबर्ट ब्लॅक यांनी २००३ मध्ये अशा अभ्यासांची एकत्र बेरीज मांडली, तेव्हा ५ वर्षांखालच्या मुलांचे एकूण मृत्यू २४ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. गडचिरोलीचा निकाल योगायोगाचा नव्हता, हे त्या बेरजेने पक्कं केलं.

एक मोठी गोष्ट मात्र शिल्लक होती. भरभर श्वास घेणाऱ्या मुलाला तोंडाने औषध द्यावं, हे मान्य झालं. छाती आत खचणाऱ्या मुलाला? त्याला तेव्हाच्या वर्गवारीत 'गंभीर न्यूमोनिया' म्हणत, आणि नियम स्पष्ट होता : रुग्णालयात भरती करा, इंजेक्शन द्या.

नागपूर आणि आठ देश

हा नियम ऐकायला सुरक्षित वाटतो. वॉर्डात तो कसा दिसतो ते पाहा. वर्षाचं मूल, दिवसातून अनेकदा पेनिसिलिनची सुई. आई चार दिवस खाटेच्या कडेला बसलेली, तिची मजुरी बुडालेली, घरी दुसरं लेकरू शेजारणीकडे. भरलेल्या वॉर्डात एका मुलाचा आजार दुसऱ्याला लागण्याची भीती. आणि जिथे रुग्णालय नाहीच, तिथे हा नियम म्हणजे 'पाठवा' म्हणणं. पाठवलेली सगळीच मुलं पोहोचत नाहीत.

म्हणून एक मोठी चाचणी आखली गेली. इंग्रजी आद्याक्षरं जोडून तिला 'अ‍ॅपिस' म्हणतात. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या ८ देशांतली ९ मोठी रुग्णालयं तिच्यात होती आणि त्या चमूत नागपूरहून डॉ. पटेल होत्या. ३ ते ५९ महिन्यांची, छाती आत ओढणारी १,७०२ मुलं. चिठ्ठी टाकावी तसे दोन गट पाडले. ८५७ मुलांना पेनिसिलिनचं इंजेक्शन, ८४५ मुलांना तोंडाने अमॉक्सिसिलिन. ४८ तासांनी पाहिलं, तेव्हा पहिल्या गटात १६१ आणि दुसऱ्या गटात १६७ मुलांमध्ये उपचार अपुरा ठरला होता. दोन्हीकडे १९ टक्के. २००४ मध्ये हा निकाल 'लॅन्सेट'मध्ये छापला गेला.

हे आकडे वाचताना दोन ठिकाणी थांबावं लागतं. एक, 'अपुरा ठरला' म्हणजे मूल गेलं असं नव्हे. ठरवलेल्या वेळेत लक्षणं हटली नाहीत, किंवा नवी धोक्याची खूण दिसली, म्हणून औषध बदलावं लागलं, असा त्याचा अर्थ. दोन, ही चाचणी एक औषध दुसऱ्यापेक्षा चांगलं आहे हे दाखवण्यासाठी नव्हती. दोन्ही सारखी आहेत हे दाखवायचं होतं. हे काम अधिक अवघड असतं. लहान चाचणीत फरक दिसला नाही तर तो खरोखर नाही, की मुलं कमी असल्याने दिसला नाही, हे कळत नाही. म्हणून हजारोंच्या घरात मुलं लागतात, म्हणून एका शहराचं रुग्णालय पुरत नाही, आणि म्हणूनच बारा लेखकांच्या यादीत नववं नाव असणं हे कमीपणाचं लक्षण ठरत नाही.

त्याच निबंधात आणखी एक ओळ आहे, जी मला मुख्य निकालाइतकीच मोलाची वाटते. कोणत्या मुलांत उपचार कमी पडतो? ३ ते ११ महिन्यांची तान्ही, खूपच भरभर श्वास घेणारी, आणि रक्तात ऑक्सिजन कमी असलेली. 'सिरप पुरतं' या वाक्याला ही तळटीप कायम जोडलेली राहिली पाहिजे.

वॉर्डातून घरी

'अ‍ॅपिस'मध्ये दोन्ही गट पहिले ४८ तास रुग्णालयातच होते. त्यामुळे कोणी शंका काढली की औषध तोंडाचं असलं तरी नर्सची नजर, डॉक्टरचा राउंड, खाटेजवळचा ऑक्सिजन यांनी मूल सावरलं असेल, तर ती शंका रास्त होती. पुढचा प्रश्न आपोआप समोर आला. औषध देऊन घरी पाठवलं तर?

पाकिस्तानात तबिश हाजिर आणि सहकाऱ्यांनी हा प्रश्न २,०३७ मुलांवर तपासला आणि २००८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडला. रुग्णालयात इंजेक्शन घेणाऱ्यांत उपचार ८.६ टक्के मुलांमध्ये कमी पडला, घरी सिरप घेणाऱ्यांत ७.५ टक्के.

भारतातलं उत्तर शोधण्याचं काम 'इंडियाक्लेन' या संशोधक डॉक्टरांच्या जाळ्यातून झालं. त्या अभ्यासाला 'आयस्पॉट' म्हणतात आणि इथे पहिलं नाव अर्चना पटेल यांचं आहे. ६ मोठी रुग्णालयं, १,११८ मुलं. सहलेखकांत सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले आणि चंडीगडच्या पीजीआयमधले बालरोगतज्ज्ञ आहेत. दोन्ही गटांना तोंडानेच अमॉक्सिसिलिन, फरक फक्त जागेचा : एक गट सुरुवातीला रुग्णालयात, दुसरा घरी, ठरलेल्या दिवशी तपासणीसह. घरी गेलेल्या मुलांचं रुग्णालयातल्या मुलांपेक्षा वाईट झालं नाही. २०१५ मध्ये 'बीएमसी पीडियाट्रिक्स'मध्ये हा निबंध आला. हे मासिक खुलं आहे, कोणालाही पैसे न भरता वाचता येतं. तालुक्याच्या गावच्या डॉक्टरसाठी ही सोय छोटी नाही, 'लॅन्सेट'चा मजकूर बऱ्याचदा पैशाच्या कुलपामागे असतो.

एक शब्द जपून वाचायचा. 'घरी' म्हणजे सोडून देणं नव्हे. मूल दूध पितं आहे, उलटीत औषध बाहेर टाकत नाही, झटके आले नाहीत, ग्लानीत नाही, अतिकुपोषित नाही, हे आधी पाहिलेलं असतं. आईला काय दिसलं की धावत परत यायचं हे सांगितलेलं असतं. आणि कोणीतरी पुन्हा तपासतं. या साखळीतली एक कडी जरी निसटली तरी निबंधातला निकाल त्या मुलाला लागू होत नाही.

नियम बदलला

२०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वर्गवारी बदलली. भरभर श्वास असो की छाती आत खचणं असो, दोन्हीला आता 'न्यूमोनिया' म्हणायचं आणि तोंडाने अमॉक्सिसिलिन देऊन घरी उपचार करायचे. पिता न येणं, झटके, ग्लानी अशा धोक्याच्या खुणा असतील तेव्हाच 'गंभीर', मग इंजेक्शन आणि रुग्णालय. कोट्रायमॉक्साझोलला जंतू दाद देईनासे होत होते, त्याची जागाही अमॉक्सिसिलिनने घेतली.

'आयस्पॉट'चा निबंध या बदलानंतर छापला गेला, मग त्याचा उपयोग काय, असं कोणी विचारील. उपयोग असा की जगाचा नियम वेगळा आणि आपल्या मुलांवर तपासलेला नियम वेगळा. आपल्याकडचं कुपोषण, चुलीचा धूर, घरापासून दवाखान्याचं अंतर हे सगळं गृहीत धरून तोच निकाल मिळाला, हे भारतातल्या डॉक्टरला धीर देणारं होतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने 'सांस' ही न्यूमोनियाविरोधी मोहीम सुरू केली. तिच्यात प्रशिक्षित आशाताईंना अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस देऊन मुलाला पुढे पाठवण्याची मुभा आहे. गडचिरोलीच्या दाईच्या हाती १९९० च्या आधी जे औषध होतं, तशाच औषधाचा हा अधिकार सरकारी चौकटीत यायला जवळपास तीन दशकं लागली.

प्रश्न तिथेही थांबला नाही. २०१९ आणि २०२० मध्ये मलावी आणि पाकिस्तानातल्या चाचण्यांनी उलट्या बाजूने विचारलं : नुसता भरभर श्वास असलेल्या प्रत्येक मुलाला प्रतिजैविक लागतं तरी का? दोन्ही ठिकाणी औषधाविना बहुतेक मुलं बरी झाली, तरी औषध मिळालेल्यांमध्ये उपचार कमी पडण्याचं प्रमाण कमी होतं. मलावीत ते ४ टक्के विरुद्ध ७ टक्के असं होतं. प्रतिजैविकांचा अतिवापर आणि एका मुलाचा जीव यांच्यामधली ही रेषा अजून ओढली जाते आहे.

न आवडणारे निकाल

संशोधकाची यादी तपासताना मी सर्वांत आधी एक गोष्ट शोधतो : अपेक्षा फसल्याचा निकाल छापला आहे का? पटेल यांच्या यादीत तो आहे, एकाहून अधिक ठिकाणी.

२००९ मध्ये 'बीएमसी मेडिसिन'मध्ये त्यांनी नागपूरच्या ८०८ मुलांवरचा अभ्यास छापला. जुलाब झालेल्या मुलांना झिंक किंवा झिंकसोबत तांबं दिलं, तर जुलाब लवकर थांबतात का? त्यांच्या मुलांमध्ये तसा फायदा दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटना तेव्हा जुलाबात झिंकची शिफारस करत होती. एका अभ्यासाने शिफारस कोसळत नाही आणि कोसळूही नये, पण जगभरच्या बेरजेत नागपूरची ही वजाबाकीही धरली जाते, ती छापली गेली म्हणूनच.

दुसरा निकाल फुप्फुसांचाच आहे आणि तो जास्त गंभीर आहे. वेळेआधी जन्मणाऱ्या बाळाची फुप्फुसं कच्ची असतात. आईला बाळंतपणापूर्वी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर ती लवकर पिकतात, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये दाखवलं. मोठ्या रुग्णालयांत हे इंजेक्शन हजारो बाळांना वाचवत आलं आहे. मग ते गावपातळीवर का देऊ नये? ग्लोबल नेटवर्कने २०११ ते २०१४ या काळात सहा देशांत, सुमारे एक लाख जन्मांवर हे तपासलं. भारतातून बेळगाव आणि नागपूर ही केंद्रं होती. २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये जो निकाल आला तो काळजाला चटका लावणारा होता. सर्वांत कमी वजनाच्या बाळांना फायदा झाला नाही, आणि सगळ्या बाळांचा हिशेब केला तर इंजेक्शनच्या भागात नवजात मृत्यू दर हजारी २७.४ होते, दुसऱ्या भागात २३.९. म्हणजे मृत्यू वाढले. आयांमध्ये संसर्गाची शंका येण्याचं प्रमाणही वाढलं.

हे लपवलं असतं तर? चांगल्या हेतूने हेच इंजेक्शन गावोगाव पोहोचलं असतं. निकाल उघडपणे मांडल्यामुळे पुढचा प्रश्न नेमका करता आला : जिथे गरोदरपणाचे आठवडे नीट मोजता येतात आणि नवजात बाळाची काळजी घेता येते, तिथे काय होतं? भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत २,८५२ गरोदर स्त्रियांवर ते तपासलं. २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये उत्तर आलं : इंजेक्शन मिळालेल्या गटात १९.६ टक्के बाळं दगावली, न मिळालेल्यात २३.५ टक्के. त्याच औषधाने एका जागी जीव गेले आणि दुसऱ्या जागी वाचले. दोन्ही निबंध शेजारी ठेवल्याशिवाय हे कळत नाही.

भारतात औषध-चाचण्यांची नोंद करणारी सीटीआरआय ही सरकारी नोंदवही २००७ पासून आहे आणि २००९ पासून चाचणी सुरू होण्याआधी नोंद सक्तीची आहे. नोंद झाली की चाचणी गुपचूप गुंडाळता येत नाही. संशोधकाची निबंधांची यादी आणि या नोंदवहीतली यादी ताडून पाहिली, तर काय छापलं आणि काय राहिलं ते दिसतं.

धूर

पूर्व विदर्भाच्या खेड्यांत लाकूड, गोवऱ्या, तुरीच्या काड्या, पराट्या यांवर आजही चूल पेटते. ग्लोबल नेटवर्कच्या नोंदींवरून पटेल आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडलं की असं इंधन वापरणाऱ्या घरांत मृतजन्म आणि जन्मानंतर लगेच होणारे बाळमृत्यू जास्त होते. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. चुलीच्या घरात गरिबीही जास्त असते, त्यामुळे धुराचा वाटा वेगळा काढणं कठीण जातं. पुढे चार देशांत, तमिळनाडूसह, घरांना गॅस देऊन मोठी चाचणी झाली. २०२४ मध्ये आलेल्या तिच्या निकालात तान्ह्या बाळांचा गंभीर न्यूमोनिया गॅसमुळे लक्षणीय घटलेला दिसला नाही. याचा अर्थ धूर निरुपद्रवी आहे असा कोणी काढू नये. आईच्या फुप्फुसाचं आणि डोळ्यांचं काय होतं ते कोणत्याही चुलीपुढे बसलं की कळतं. पण बाळाच्या न्यूमोनियाला एकच कारण पुरवून मोकळं होता येत नाही, हे त्या निकालाने सांगितलं.

मेळघाटातली घरं

अमरावती जिल्ह्यात मेळघाटात 'महान' ट्रस्टचे डॉ. आशिष सातव यांनी वेगळ्याच बाजूने भर घातली. आरएसव्ही हा विषाणू तान्ह्या बाळांच्या छातीच्या आजाराचं मोठं कारण आहे. जगातले बरेचसे अभ्यास रुग्णालयात आलेल्या बाळांवरचे. जी बाळं रुग्णालयात आलीच नाहीत, त्यांचं काय? सातव, अमेरिकेतले डॉ. एरिक सिमॉइस आणि सहकाऱ्यांनी मेळघाटच्या ९३ आदिवासी गावांत घरोघर जाऊन दोन वर्षांखालच्या बाळांचा मागोवा घेतला. २०२१ मध्ये 'क्लिनिकल इन्फेक्शस डिसीजेस'मध्ये ते काम आलं. जागतिक अंदाजही आता सांगतो की आरएसव्हीने जाणाऱ्या बाळांपैकी जवळपास तीन चतुर्थांश रुग्णालयाबाहेरच जातात. रुग्णालयाच्या रजिस्टरवर विसंबणाऱ्या आकडेवारीत ही बाळं नसतातच.

विषाणूवर अमॉक्सिसिलिन चालत नाही. गरोदर आईला द्यायची आरएसव्हीची लस आणि बाळाला एकदाच टोचायचं प्रतिपिंड ही दोन्ही गेल्या काही वर्षांत श्रीमंत देशांत वापरात आली आहेत. ती मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्यापर्यंत यायची असतील तर 'इथेही हा विषाणू आहे आणि तो इतकी बाळं नेतो' हे दाखवणारा कागद आधी हवा. तो कागद आता आहे.

जे अजून उरलं आहे

'अ‍ॅपिस', पाकिस्तानची चाचणी, 'आयस्पॉट' या तिन्हींत ३ महिन्यांखालची बाळं नव्हती. त्यांच्यासाठी वेगळा मार्ग आहे. तो शोधण्याची सुरुवातही गडचिरोलीतच झाली, आधी नवजात बाळांच्या न्यूमोनियावर, मग १९९९ च्या 'लॅन्सेट'मधल्या घरपोच नवजात-काळजीच्या प्रसिद्ध अभ्यासात. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या ठरावीक भेटी देतात, त्यांचं मूळ त्या अभ्यासात आहे.

राहिला ऑक्सिजन. २००४ मध्येच दिसलं होतं की ज्या मुलाच्या रक्तात ऑक्सिजन कमी, त्याला सिरप कमी पडतं. पण श्वास मोजून किंवा छाती पाहून ऑक्सिजनचं प्रमाण खात्रीने कळत नाही, त्याला बोटाला लावायचं पल्स ऑक्सिमीटर लागतं. कोविडच्या काळात ते मोठ्यांसाठी घराघरांत आलं. वर्षाच्या आतल्या मुलाच्या बोटावर किंवा पायावर बसेल असा लहान प्रोब मात्र वेगळा असतो, आणि हलणाऱ्या, रडणाऱ्या बाळावर आकडा स्थिर होईपर्यंत थांबायला शिकवावं लागतं. 'सांस' मोहिमेने उपकेंद्रांच्या पातळीवर ऑक्सिमीटर ठरवून दिलं आहे. नागपूर जिल्ह्यातल्या, गडचिरोलीतल्या, मेळघाटातल्या प्रत्येक उपकेंद्रात तान्ह्या बाळाचा प्रोब चालू स्थितीत आहे का, तिथल्या एएनएम परिचारिकेला तो लावता येतो का, आणि आकडा ९० च्या खाली आला तर त्या मुलासाठी ऑक्सिजनचा सिलेंडर आणि गाडी किती वेळात मिळते, हे मोजून छापणारा निबंध विदर्भाच्या यादीत यायला हवा.